ताशी किती, आणि कुठले तास?

(नारायण मेघाजी लोखंडे यांच्या स्मृतिप्रीत्यर्थ दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



१८८४ साली मुंबईतल्या गिरणी कामगारांनी फॅक्टरी कमिशनपुढे एक अर्ज ठेवला. पुढाकार लोखंड्यांचा, सह्या साडेपाच हजार. मागण्या अशा: आठवड्यातून रविवारी सुट्टी हवी. दुपारी अर्धा तास विसावा हवा. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावं. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत हातात पडावा. कामावर जखमी झालेल्याची सोय व्हावी. यादी पुन्हा एकदा मनात वाचून पाहा. पगार वाढवून द्या, असं तिच्यात कुठेही नाही. लोखंड्यांनी स्वतः गिरणीत स्टोअरकीपरची नोकरी केली होती. मजुराचं नेमकं काय लुटलं जातं, हे त्यांना हिशेबाच्या वहीबाहेरही दिसत होतं. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० उजाडला.

त्यांच्या नावाच्या व्यासपीठावर मी अमेरिकेतल्या वैमानिकांबद्दल बोलणार आहे, याचं काहींना आश्चर्य वाटेल. वैमानिक कसला कामगार? गणवेश, खांद्यावर पट्ट्या, पगार लाखांत. पण मी ज्यांच्याबद्दल बोलणार आहे ते अमेरिकेतल्या प्रादेशिक विमान कंपन्यांचे वैमानिक आहेत. पन्नास ते शहात्तर आसनांची विमानं उडवणारे. अशा दोन-तीन कंपन्या एकत्र होतात, तेव्हा त्यांच्या करारांची तुलना करावी लागते. त्या तुलनेत काय मोजलं जातं आणि काय सुटतं, एवढाच आजचा विषय.

आधी या कंपन्यांचा धंदा समजून घेऊ. तुम्ही तिकीट डेल्टाचं काढता, विमानाच्या शेपटीवर रंगही डेल्टाचा असतो, पण चालवणारी कंपनी वेगळीच असते. मोठी कंपनी तिला फेरीमागे ठरलेला मोबदला देते. तिकिटाचा दर मोठी कंपनी ठरवते, वेळापत्रक तीच ठरवते, आणि बहुतेक वेळा इंधनाचा खर्चही तीच उचलते. छोट्या कंपनीच्या हातात खऱ्या अर्थानं एकच खर्च उरतो, तो म्हणजे माणसांचा. कंत्राट संपलं की दुसरी छोटी कंपनी स्वस्तात उडवायला तयारच असते. ही गोष्ट लक्षात राहू द्या, कारण पुढे सगळं इथेच येऊन अडतं.

उदाहरण म्हणून मी पिनॅकल, मेसाबा आणि कोल्गन या तीन कंपन्या घेतो. पिनॅकल मेम्फिसची. मेसाबा मिनेसोटाची, १९४४ पासूनची, तिघींत सर्वांत जुनी. कोल्गन व्हर्जिनियाची, १९९१ मधली. पिनॅकलच्या मालक कंपनीनं २००७ मध्ये कोल्गन घेतली आणि १ जुलै २०१० रोजी डेल्टाकडून मेसाबा ६ कोटी २० लाख डॉलरना विकत घेतली. तीन हजारांच्या आसपास वैमानिक एका छत्राखाली आले. तिघांची संघटना एकच, एअर लाइन पायलट्स असोसिएशन. त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला वाटलं, काम सोपं आहे: तीन करार समोर ठेवा, प्रत्येकातलं चांगलं उचला, चौथा करा.

पण तीन करार होतेच कुठे? पिनॅकलचा करार २००५ पासून नव्यानं ठरायचा राहिला होता. अमेरिकेत विमान कंपन्यांना रेल्वेचा १९२६ चा कामगार कायदा लागू होतो. १९३६ मध्ये तो त्यांच्यापर्यंत वाढवण्यात आला. या कायद्याखाली करार संपत नाही, तो फक्त 'बदलण्याजोगा' होतो. वाटाघाटी चालू राहतात, जुने दर चालू राहतात, आणि केंद्रीय मध्यस्थ मंडळानं मोकळीक दिल्याशिवाय संप करता येत नाही. महागाई वाढत असते तेव्हा या व्यवस्थेत घाई कोणाला नसते, हे सांगायला नको. मेसाबाचा करार होता, पण तो दिवाळखोरीतून वाचून आलेला. कंपनी २००५ मध्ये न्यायालयात गेली आणि २००७ मध्ये बाहेर आली, तोवर पगार आणि सवलती कापल्या गेल्या होत्या. कोल्गनच्या वैमानिकांकडे करार नव्हताच. त्यांनी २००८ च्या डिसेंबरात कुठे संघटना निवडली होती. म्हणजे तुलनेच्या तक्त्यात एक रकाना पाच वर्षं शिळा, दुसरा कोर्टानं कातरलेला आणि तिसरा कोरा.

त्या कोऱ्या रकान्यात काय होतं, ते सगळ्या अमेरिकेला एका अपघातानं कळलं. १२ फेब्रुवारी २००९ च्या रात्री नेवार्कहून बफेलोला निघालेलं कोल्गनचं क्यू-४०० विमान उतरण्याच्या तयारीत असताना क्लॅरेन्स सेंटर इथल्या एका घरावर कोसळलं. विमानातले ४९ आणि घरातला एक, असे ५० जण गेले. चौकशीतून निघालेलं कारण स्पष्ट होतं: वेग घटल्याचा इशारा मिळाल्यावर कॅप्टननं जे करायला हवं होतं त्याच्या उलट केलं. तो दोष पगारावर ढकलू नये, असं माझं मत आहे. थकव्यानं दोघांच्या कामावर परिणाम झाला असावा, पण किती, ते सांगता येत नाही, एवढंच चौकशी मंडळ म्हणालं.

तरीही सुनावणीत जे बाहेर आलं ते ऐकून लोक थक्क झाले. सहवैमानिक सिअॅटलजवळ राहत होती आणि तिचा बेस होता नेवार्क, म्हणजे देशाच्या दुसऱ्या टोकाला. आदल्या रात्री ती मालवाहू विमानातल्या रिकाम्या सीटवर बसून मेम्फिसमार्गे कामावर आली. कॅप्टननं रात्र नेवार्कच्या क्रू रूममध्ये काढली. तिथे रात्र काढायला कंपनीची बंदी होती. नेवार्क बेसच्या १३७ वैमानिकांपैकी ९३ जण दुसऱ्या गावाहून ये-जा करणारे होते. सहवैमानिकाचा वार्षिक पगार सुमारे १६ हजार डॉलर असल्याचं सुनावणीत सांगण्यात आलं. कंपनीनं नंतर याहून मोठा आकडा पुढे केला, पण त्या पगारातही न्यूयॉर्कच्या आसपास खोली घेऊन राहणं कठीणच होतं.

इथे वर्तमानपत्रांनी मथळे दिले ते पगाराचे. मला विचाराल तर त्या चौकशीत पगारापेक्षा जास्त बोलकी गोष्ट होती ती ९३ हा आकडा. बेस कुठे, तो कोण बदलतो, बदलला तर घर हलवायचा खर्च कोण देतो, ड्यूटीच्या आदल्या रात्री हॉटेल मिळतं का, हे सगळं करारातल्या कामाच्या नियमांत येतं. कोल्गनमध्ये त्यावर वैमानिकांची सही असलेला एकही कागद नव्हता.

आता जरा हिशेबात शिरू. अमेरिकन वैमानिकाला तासावर पगार मिळतो, पण तो तास घड्याळाचा नसतो. विमान जागेवरून हललं की तास सुरू, पुन्हा जागेवर थांबलं की बंद. त्याआधी कागद तपासणं, हवामान पाहणं, विमानाभोवती फेरी मारणं, धुक्यात चार तास टर्मिनलमध्ये बसून राहणं हे सगळं ड्यूटीत धरतात, पगारात धरत नाहीत. महिन्याला किमान तासांची हमी असते, साधारण ७५ च्या आसपास. तुलनेचे तक्ते बनवणारे पहिल्यांदा ताशी दर बघतात, कारण तो एका ओळीत मावतो: पहिल्या वर्षाचा सहवैमानिक इतके, दहाव्या वर्षाचा कॅप्टन इतके.

समजा, दोन करार आहेत. आकडे माझे आहेत, हिशेबापुरते. पहिल्यात दर ४० डॉलर, दुसऱ्यात ३८. तक्ता म्हणेल, पहिला चांगला. आता चार दिवसांची एक वाईट फेरी घ्या. मुद्दाम वाईट घेतोय, पण अशा फेऱ्या असतात. चार दिवसांत ड्यूटी ४६ तास आणि उड्डाण फक्त १४ तास. पहिल्या करारात १४ तासांचेच पैसे. दुसऱ्यात 'रिग' नावाचं एक कलम आहे: ड्यूटीच्या दर दोन तासांमागे किमान एक तास पगारात धरायचा. म्हणजे २३ तास. आता महिन्याचे ७५ तास भरायला पहिल्या वैमानिकाला अशा पाचाहून अधिक फेऱ्या लागतील, म्हणजे २१ दिवस घराबाहेर. दुसऱ्याला सव्वातीन फेऱ्या, १३ दिवस. महिनाअखेर पहिल्याच्या हातात ३,००० डॉलर, दुसऱ्याच्या २,८५०. दीडशे डॉलरसाठी आठ दिवस.

यातली खरी गंमत पुढे आहे. रिग असलेल्या कंपनीत अशी वाईट फेरी सहसा बनतच नाही. रिकामं बसवलेल्या वेळेचे पैसे मोजावे लागणार असतील, तर रोस्टर करणारा माणूस दोन उड्डाणांमधली पोकळी कमी करतो. कलमावर पैसे फारसे खर्च होत नाहीत, म्हणून वर्षाच्या पगारपत्रकात ते दिसत नाही, आणि वाटाघाटीच्या टेबलावर व्यवस्थापन म्हणू शकतं, हे कलम तुम्हाला मिळवून काय देतं? माझ्या मते करारांची तुलना करताना लोक सर्वाधिक फसतात ते इथे. रद्द झालेल्या फेरीचे पैसे, रिझर्व्हवर असताना किती वेळात हजर व्हायचं, प्रवासी म्हणून दुसऱ्या गावी पाठवलं तर त्या वेळेचं मोल अर्धं की पूर्ण, सुट्टीच्या दिवशी बोलावलं तर दीडपट की तेवढंच: या सगळ्या ओळी ताशी दराच्या पानावर नसतात.

काही गोष्टी अर्थात कायद्यानं येतात. बफेलोनंतर मृतांच्या कुटुंबीयांनी वॉशिंग्टनच्या चकरा मारून २०१० मध्ये कायदा करवून घेतला. सहवैमानिकालाही साधारण १,५०० तासांच्या अनुभवाचा परवाना लागू लागला. विश्रांतीचे नवे नियम जानेवारी २०१४ पासून आले: दोन ड्यूट्यांमध्ये किमान दहा तास, त्यात आठ तास झोपेची सलग संधी. आधी हा काळ आठ तासांपर्यंत खाली आणता येत असे, आणि त्यातच हॉटेलच्या गाडीची वाट पाहणं, जेवण, आंघोळ, सगळं बसवायचं. मालवाहतुकीच्या कंपन्यांना मात्र नव्या नियमांतून वगळलं.

विलीनीकरणात याहून नाजूक विषय म्हणजे ज्येष्ठतायादी. तिकडे वैमानिकाचं सगळं आयुष्य एका क्रमांकावर चालतं. कुठला बेस, कुठलं विमान, दिवाळीला, म्हणजे तिकडे नाताळला, घरी कोण, कॅप्टन कधी होणार, मंदी आली तर आधी कोण घरी जाणार. आणि हा क्रमांक कंपनीबाहेर नेता येत नाही. वीस वर्षांचा कॅप्टन दुसरीकडे गेला तर पहिल्या वर्षाच्या सहवैमानिकाच्या दरानं सुरुवात करतो. म्हणून दोन कंपन्या एक झाल्या की दोन याद्यांची एक कशी करायची, यावर माणसं पगारापेक्षा जास्त भांडतात.

याबद्दलचं अमेरिकेतलं जुनं सूत्र प्रादेशिक म्हणाव्यात अशाच दोन कंपन्यांच्या नावानं ओळखलं जातं, अॅलेगेनी आणि मोहॉक. १९७२ मध्ये त्या एक झाल्या तेव्हा सरकारी मंडळानं अट घातली की याद्या न्याय्य आणि समान रीतीनं जोडा, जमलं नाही तर लवादाकडे जा. पुढे १९७८ मध्ये सरकारी नियंत्रण उठलं आणि ही ढालही गेली. २००१ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सनं टीडब्ल्यूए घेतली, तेव्हा टीडब्ल्यूएच्या बहुसंख्य वैमानिकांना यादीच्या तळाशी नेऊन ठेवलं. टीडब्ल्यूएचं मुख्य केंद्र सेंट लुइसला, म्हणजे मिझुरी राज्यात. त्या राज्याचे दोन सिनेटर, मॅकॅस्किल आणि बाँड, एक डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन, यांनी मिळून २००७ मध्ये १९७२ चं ते सूत्र कायद्यात परत आणलं.

न्याय्य म्हणजे काय, हा प्रश्न सूत्रानं सुटत नाही. नोकरीला लागल्याची तारीख धरली तर मेसाबाचे लोक वर जातात, कारण ती जुनी कंपनी. उद्या कुठली विमानं येणार, कोण वाढणार, हे धरलं तर तरुण कंपनीतला माणूस म्हणतो, तुम्ही बुडत होतात, मी तर दोन वर्षांत कॅप्टन झालो असतो. दोघंही खोटं बोलत नाहीत. या तिघांचं प्रकरणही लवादाकडे गेलं आणि २०११ मध्ये एकत्र यादी झाली.

हे ऐकताना तुमच्यातल्या काहींना नरिमन पॉइंटची इमारत आठवली असेल. २००७ मध्ये एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एक झाल्या. दोन्ही कंपन्या मोठ्या, मालक सरकार, म्हणून आजच्या उदाहरणाशी त्यांचं साम्य अर्धंच. पण भांडण ओळखीचं होतं. एकीकडच्या वैमानिकांना ठराविक तासांच्या हमीचे पैसे आणि दुसरीकडच्यांना प्रत्यक्ष उडाल्याचे. समान वेतनासाठी इंडियन एअरलाइन्सच्या बाजूचे वैमानिक २०११ च्या एप्रिल-मेमध्ये दहा दिवस संपावर गेले. दुसऱ्या वर्षी एअर इंडियाच्या बाजूचे गेले, ५८ दिवस, कारण नव्या ड्रीमलायनरच्या प्रशिक्षणात दुसऱ्या बाजूला वाटा मिळत होता. न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमून सूत्र शोधावं लागलं तेव्हा विलीनीकरणाला चार वर्षं होऊन गेली होती. आधी लग्न आणि मग पत्रिका, असा तो प्रकार.

पिनॅकलनं उलट केलं, आणि त्याचं श्रेय दोन्ही बाजूंना द्यायला हवं. मेसाबा घेतल्यावर वर्षाच्या आत, २०११ च्या सुरुवातीला, तिन्ही गटांचा एकत्र करार मंजूर झाला. ज्यांच्याकडे कोरा कागद होता त्या कोल्गनच्या वैमानिकांना पहिल्यांदा लेखी नियम मिळाले. कागदावर पाहिलं तर हे विलीनीकरण आदर्श म्हणावं असं होतं.

१ एप्रिल २०१२ रोजी कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला.

कारणं अनेक होती. तीन कंपन्या जोडण्याचा खर्च अंदाजाबाहेर गेला, पंख्याची विमानं तोट्यात होती, ज्या दरानं उड्डाणं विकली होती ते दर जुने होते. कोल्गनचं उड्डाण त्याच वर्षी थांबलं, मेसाबाचं त्याआधीच. अमेरिकेच्या दिवाळखोरी कायद्यात १९८४ पासून एक कलम आहे, १११३. त्याखाली कंपनी न्यायालयाच्या परवानगीनं कामगार करार मोडू शकते, पण कपात आवश्यक तेवढीच आहे हे दाखवावं लागतं. पिनॅकलनं मागितलेली कपात त्याहून जास्त आहे, असं म्हणून न्यायालयानं २०१२ च्या नोव्हेंबरात पहिली मागणी फेटाळली. हा वैमानिकांचा विजय होता. तो कसाबसा दोन महिने टिकला.

कारण टेबलावर आता डेल्टा बसली होती. पैसे तिचे, कंत्राट तिचं, आणि पर्यायही तिचेच. २०१३ च्या सुरुवातीला वैमानिकांनी कपातीचा करार स्वीकारला. त्या बदल्यात ७६ आसनांच्या ८१ विमानांचा ताफा आणि डेल्टात नोकरी मिळण्याची वाट. मेमध्ये कंपनी दिवाळखोरीतून बाहेर आली ती डेल्टाच्या पूर्ण मालकीची होऊन. नाव बदललं, एन्डेव्हर झालं. मुख्यालय मेम्फिसहून मिनियापोलिसला गेलं.

हे ७६ आसनांचं काय गौडबंगाल? त्याहून मोठी विमानं छोट्या कंपनीकडे द्यायची नाहीत, ही अट डेल्टाच्या स्वतःच्या वैमानिकांच्या करारात आहे. म्हणजे पिनॅकलच्या माणसानं काय उडवायचं, किती मोठं, किती विमानं, हे ज्या करारानं ठरतं, त्यावर त्याची सहीच नाही. तीन रकान्यांचा तक्ता करून आपण तुलना करत बसतो, आणि चौथा रकाना दुसऱ्याच इमारतीत असतो. प्रादेशिक वैमानिकांच्या नेत्यांना मी दोष देईन तो एवढाच, की ही गोष्ट ते सभासदांना हळू आवाजात सांगत.

त्यात भर म्हणजे ज्येष्ठता. जुन्या कंपनीत कॅप्टनांची सरासरी सेवा वाढली की दर न वाढवताही ती महाग होते. सिनसिनाटीच्या कॉमेअरच्या वैमानिकांनी २००१ मध्ये ८९ दिवसांचा संप करून प्रादेशिक वैमानिकांमधला एक उत्तम करार मिळवला होता. मालक डेल्टाच होती. कॉमेअर २०१२ च्या सप्टेंबरात बंद झाली. संपामुळेच बंद झाली असं मी म्हणणार नाही, मधे ११ सप्टेंबर होता, दिवाळखोरी होती, तेल महागलं होतं. पण पुढच्या प्रत्येक वाटाघाटीत कॉमेअरचं नाव व्यवस्थापनाला काढावंही लागलं नाही.

मग एकत्र करार करूच नये का? तोही मार्ग एका कंपनीनं चालून पाहिला. स्कायवेस्ट इनकॉर्पोरेटेडकडे अटलांटाची एएसए होती. २०१० मध्ये तिनं ह्यूस्टनची एक्सप्रेसजेट घेतली आणि २०११ अखेर दोन्ही एकाच परवान्याखाली आणल्या. नाव एक, गणवेश एक. पण एका बाजूचे वैमानिक एका कराराखाली, दुसऱ्या बाजूचे दुसऱ्या. वर त्याच मालकाची स्कायवेस्ट ही तिसरी कंपनी, जिथे वैमानिकांची स्वतंत्र संघटना नव्हती. एकत्र कराराचा मसुदा २०१४ च्या जानेवारीत मतदानाला आला, आणि सभासदांनी तो मोठ्या बहुमतानं फेटाळला, कारण प्रत्येक गटाला आपल्या जुन्या करारातलं काहीतरी गमावल्यासारखं वाटत होतं. मला तो नकार समजतो. त्यांनी ओळी वाचल्या होत्या, दराचं पान नव्हे. पुढच्या वर्षांत विमानं स्कायवेस्टकडे आणि इतरत्र जात राहिली, आणि ३० सप्टेंबर २०२० रोजी एक्सप्रेसजेटचं युनायटेडसाठीचं उड्डाण संपलं.

एकानं झटपट एकत्र करार केला, तो वर्ष उलटून थोड्याच दिवसांत कोर्टात गेला. दुसऱ्यानं केलाच नाही, त्याची विमानं गेली. या दोन उदाहरणांवरून सिद्धांत मांडायचा मोह मला होत नाही.

दर शेवटी वाढले ते वाटाघाटींनी नव्हे, माणसं मिळेनाशी झाल्यावर. १,५०० तासांच्या अटीनं नवे वैमानिक उशिरा येऊ लागले, मोठ्या कंपन्यांत निवृत्त्या सुरू झाल्या, आणि साथीनंतर तर ओढाताणच झाली. एन्डेव्हरनं आधीच टिकून राहण्याचा वार्षिक बोनस सुरू केला होता. जून २०२२ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या मालकीच्या पीडमॉन्ट आणि एन्व्हॉय यांनी नव्या सहवैमानिकाचा दर ताशी ९० डॉलरवर नेला. बफेलोच्या वेळी या क्षेत्रात पहिल्या वर्षाला विशीतला दर मिळत असे. तक्त्याच्या दृष्टीनं ही क्रांतीच. मात्र त्या ९० डॉलरांतला मोठा हिस्सा तात्पुरता अधिभार होता, आणि तात्पुरता म्हणजे कुठवर, तेही कागदावर होतं: ऑगस्ट २०२४.